नाशपतीची बाग आणि कुंपणापलीकडचा गेरिट

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. आमचे मिसिसागाहून नायगाराकडे जाणाऱ्या हायवेवर जमले. दर शनिवारी सकाळी आम्ही एका व्हॅनमधून आमच्या बागेकडे निघायचो, ट्रॅफिकमध्ये अडकायचो, आणि मागच्या शनिवारी आपल्याला कोणी कसं फसवलं असावं याची चर्चा सुरू व्हायची. तासा-दीड तासाचा रस्ता. संशयाला तेवढा वेळ भरपूर होतो.

बाग म्हणजे सात एकर नाशपती, फळाला आलेली झाडं. २००७ च्या वसंतात तीन घरांनी मिळून घेतली. बापटकाका सत्तरच्या दशकात कॅनडात आलेले. विंडसरला मोटारींच्या कारखान्यात ते जन्मभर इन्स्पेक्टर होते, म्हणजे दुसऱ्याने तपासलेला बोल्ट पुन्हा तपासायचा पगार घ्यायचे. सुहास नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. तिसरे आम्ही: मी आणि माझी बायको नंदिनी, जी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. अशा मंडळींनी एकमेकांवर विश्वास ठेवला हेच नवल. बाकी कोणावर ठेवायचा प्रश्नच नव्हता.

घेतानाच एक ठरलं होतं. तीन हंगाम बघायचे. तिसऱ्यालाही फायदा दिसला नाही तर बाग विकून मोकळं व्हायचं. सुहासला आणि मला ते चाललं असतं, आमच्या नोकऱ्या होत्या. काकांचं तसं नव्हतं. काकू गेल्यापासून ते चौदाव्या मजल्यावरच्या कॉन्डोत एकटे राहायचे आणि आठवडाभर शनिवारची वाट बघायचे. बाग गेली असती तर त्यांना फक्त खिडकी उरली असती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कोणीच नव्हतं.

*

कुंपणापलीकडे गेरिट. सत्तरी ओलांडलेला डच म्हातारा, त्याचीही नाशपतीचीच बाग. पहिल्याच शनिवारी तो स्वतः केलेला अ‍ॅपल पाय घेऊन भेटायला आला. अर्धा तास बसला, हवापाण्याचं बोलला आणि गेला.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत काका त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आल्या आल्या इतका गोड? याला आपली जमीन हवीय."

अ‍ॅपल पाय मात्र आम्ही संपवला. नंदिनीने आधी थोडासा खाऊन पाहिला, दहा मिनिटं थांबली, मग आम्हाला दिला.

*

मे महिन्यात फुलं आली. परागीकरणासाठी आम्ही मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून झाडांमध्ये ठेवल्या. काका खुर्ची टाकून पेट्यांसमोर बसले ते जेवायलाच उठले.

"निम्म्या माशा कुंपणापलीकडे जातात," त्यांनी रिपोर्ट दिला. "भाडं आपलं आणि काम त्याचं."

सुहासने गेरिटला हाक मारून स्वच्छ विचारलं. गेरिट म्हणाला, "माझ्याही पेट्या आहेत. माझ्या तुमच्याकडे येतात."

काका परतीच्या वाटेवर बराच वेळ विचार करत होते. ग्रिम्सबी गाव मागे पडल्यावर म्हणाले, "त्याच्या माशांनी आपलं काम नीट केलं असेल कशावरून?"

*

जुलैत सुहासच्या लक्षात आलं की दर पाचव्या ओळीतली फळं वेगळीच आहेत. आम्ही घेतली होती बार्टलेट जातीची, गुळगुळीत आणि हिरवी. ही निघाली लांब मानेची, तपकिरी आणि खरखरीत.

"हे तं सरळ फसवलंय ना काका," सुहास म्हणाला. "मालात माल मिसळलाय." पुढच्या शनिवारी तो भाड्याची चेन-सॉ घेऊन आला.

आवाज ऐकून गेरिट धावत आला. धावणं त्याच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं, तरी आला. म्हणाला, ती बॉस्क आहेत, मुद्दाम लावलेली. दुसऱ्या जातीचे पराग मिळाले नाहीत तर बार्टलेटला फळच धरत नाही. ही झाडं पाडलीत तर पुढच्या वर्षी नुसती पानं तोडा.

सुहासने सॉ बंद केली आणि म्हणाला, "लेखी देता का?"

गेरिटने फळांच्या एका खोक्यावर पेन्सिलीने तेच लिहिलं आणि खाली सही केली. ते खोकं सुहासच्या बेसमेंटमध्ये अजून आहे.

*

ऑगस्ट संपत आला. गेरिट कुंपणाशी येऊन म्हणाला, "आता उतरवा. हिरवीच उतरवा. फळ हातात धरून आडवं करा, देठ सुटला तर झालं."

आम्ही हात लावून पाहिला. फळं दगडासारखी होती.

व्हॅनमध्ये एकमत झालं. हा स्वतःचा माल पिकवून विकणार आणि आपल्याला कच्चा तोडायला लावणार. आम्ही थांबलो. तीन आठवड्यांनी झाडं पिवळ्याधमक फळांनी लगडली, तेव्हा काकांनी छाती पुढे काढून व्यापाऱ्याला बोलावलं.

व्यापाऱ्याने खिशातून सुरी काढून एक फळ कापलं. वरून सोनं, आत तपकिरी लगदा. दुसरं कापलं, तेही तसंच. नाशपती झाडावर ठेवली की आतून सडत येते. ती कच्ची उतरवून, थंड ठेवून, मग घरात पिकवायची असते. व्यापारी सुरी पुसून निघून गेला आणि आमचा पहिला हंगाम तिथेच बसला.

परतताना नंदिनी हळूच म्हणाली, "काका, आंबासुद्धा आपण कच्चाच उतरवून अढीत घालतो ना?"

"आंब्याचं वेगळं," काका म्हणाले. "तिथे सांगणारा माणूस आपला असतो."

*

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आमच्या फांद्या चोरीला जायला लागल्या.

खरंच सांगतो. शनिवारी गेलं की कुंपणालगतच्या झाडांवर ताजे काप दिसायचे आणि तोडलेली फांदी कुठेच नसायची. काकांनी एकेका झाडाशी जाऊन मोजलं. तेवीस काप. "झाडं हळूहळू मारतोय," ते म्हणाले. "मग स्वस्तात मागेल."

हरणांवर नजर ठेवायला शिकारी लोक झाडाला बांधतात तसला कॅमेरा आम्ही आणला. पुढच्या शनिवारी कार्ड लॅपटॉपला लावलं. मंगळवारी सकाळी, आमच्या बागेत, आमच्या झाडाशी, हातात कात्री घेतलेला गेरिट.

काकांनी फोटो मोठा प्रिंट करून आणला. आम्ही चौघं वरात काढल्यासारखे कुंपणापलीकडे गेलो. गेरिटने चष्मा लावला, फोटो पाहिला आणि म्हणाला, "हो, मीच."

मग त्याने आम्हाला आमच्याच झाडावरचा एक शेंडा दाखवला. काळा, जाळल्यासारखा, आकड्यासारखा वाकलेला. हा करपा. नाशपतीचा काळ. रोगट भागाच्या फूटभर खाली कापायचं, दर कापानंतर कात्री ब्लीचमध्ये बुडवायची, फांदी जाळून टाकायची. नाही केलं तर एका उन्हाळ्यात बाग जाते.

"तुम्ही शनिवारी येता," तो म्हणाला. "हा शनिवारची वाट बघत नाही. आणि तुमच्याकडून माझ्याकडे यायला याला एक पाऊस पुरतो."

काकांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तू हे तुझ्या झाडांसाठी करतोस?"

"अर्थात," गेरिट म्हणाला.

व्हॅनमध्ये काका वर्षभरात पहिल्यांदा निवांत रेलून बसले. "माणूस चांगला आहे," ते म्हणाले. "स्वार्थी आहे."

त्या दिवसापासून काकांचा गेरिटवर पूर्ण विश्वास बसला. दर शनिवारी ते त्याच्यासाठी डबाभर चिवडा न्यायला लागले. त्या वर्षी तो म्हणाला त्या दिवशी फळं उतरवली. तोटा झाला नाही, फायदाही झाला नाही. उरला एक हंगाम.

*

त्या हिवाळ्यात गेरिटच्या गुडघ्यांनी संप केला. त्याने जमीन विकली आणि गावातल्या सीनियर्सच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेला. नव्या मालकाने झाडून सगळी नाशपती उपटली आणि द्राक्षं लावली.

तिसऱ्या वर्षीचा जून पावसात गेला. आसपासच्या बागा करपल्या. काही जणांनी झाडंच्या झाडं तोडून जाळली. आम्ही जीव मुठीत धरून दर शनिवारी जायचो, आणि दर शनिवारी आमची झाडं हिरवीगार.

"नजर असावी लागते," काका म्हणायचे. "तीस वर्षं बोल्ट तपासलेत मी."

सप्टेंबरात व्यापाऱ्याने सगळा माल उचलला आणि पुढच्या वर्षीचाही सांगून ठेवला. बाग राहिली. काकांनी घरी बासुंदी केली. जरा करपली होती, तरी आम्ही सगळ्यांनी दोनदा घेतली.

नोव्हेंबरात बाग बंद करताना सुहासला झाडावर कॅमेरा दिसला. वसंतात बॅटरी बदलून बांधला होता तो तसाच राहिला होता. काकांच्या कॉन्डोत चहा घेत आम्ही कार्ड लावलं. हरीण, ससा, काकांची पाठ, पुन्हा हरीण.

मग जून. मंगळवार, भर पावसात. फाटकाशी जुना पिकअप. आमच्या फांदीला टांगलेली चालायची काठी. एका हातात कात्री, दुसऱ्यात ब्लीचचा डबा. वाकलेला गेरिट. पुढचा फोटो शुक्रवारचा. त्याच्या पुढचा पुन्हा मंगळवारचा. असे अकरा दिवस निघाले.

 काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नंदिनी, हा रोग द्राक्षांना लागतो का गं?"

"नाही काका."

काका पुन्हा गेरिटच्या पहिल्या फोटोवर गेले.

"मग याला यात मिळतं काय?"