उन्हात वाळवलेले सिगार

निवृत्तीच्या दिवशी माझ्या नवऱ्याला कंपनीने शाल दिली, नारळ दिला आणि परदेशातल्या एका साहेबाने सिगारची पेटी पाठवली. शाल मी कपाटात ठेवली, नारळाच्या वड्या केल्या. पेटीचं काय करायचं हेही मलाच ठरवू दिलं असतं, तर पुढचा मनस्ताप वाचला असता.

माझी निवृत्ती त्यांच्या आधीची. कल्याणच्या एका शाळेत मी गणित शिकवत होते. घरी बसल्यावर मी एकच गोष्ट मनाशी धरून होते: हे एकदाचे मोकळे झाले की संध्याकाळी आम्ही दोघं बाल्कनीत बसू आणि बोलू. मला कुठला प्रवास नको होता, दागिना नको होता. हे सकाळी ठाण्याच्या वागळे इस्टेटला निघायचे ते रात्री परत यायचे, जेवताना बातम्या बघायचे आणि झोपायचे. अख्ख्या संसारात जे बोलायचं राहून गेलं होतं ते सगळं मी या दिवसांसाठी राखून ठेवलं होतं. डोंबिवलीतली आमची बाल्कनी एवढीशी, पण दोन खुर्च्या मावतात. त्या मी मुद्दाम नव्या आणल्या.

त्यातल्या एका खुर्चीवर बसून यांनी पहिला सिगार पेटवला. जन्मात कधी सिगारेट ओढलेली नाही, आणि हातात आलाय तो अंगठ्याएवढा जाड, काळपट सिगार. सकाळचा चहा-नाश्ता होऊन बराच वेळ झालेला, पोट रिकामं. मित्रांना सिगारेट ओढताना पाहिलेलं, तसाच यांनी धूर छातीभरून घेतला. थोड्या वेळाने आत आले ते घामाने डबडबलेले, चेहरा पांढराफटक. हॉलमधल्या थंड फरशीवर आडवे झाले. मी लिंबू-सरबत पाजलं, पाय चोळले आणि मनात म्हटलं, चला, सुटलो.

पण हे इंजिनियर. जी वस्तू चालत नाही ती चालवून दाखवल्याशिवाय यांना चैन पडत नाही. दुसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू झाला. फोनवर नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ लागायचे, मधूनच मोठ्याने घोषणा व्हायच्या. धूर छातीत घ्यायचा नसतो, नुसता तोंडात खेळवायचा. रिकाम्या पोटी ओढायचा नाही. टोक कापायचं ते वर चिकटवलेल्या पानाच्या टोपीपुरतं, जास्त कापलं तर बाहेरचं पान उलगडतं. ज्योत सिगारला टेकवायची नाही, लांबून शेकायची. मिनिटाला एखादा झुरका, घाई केली की तो तापतो आणि कडू होतो. राख झटकायची नाही, आपोआप पडू द्यायची. आणि संपल्यावर चिरडायचा नाही, त्याचा तो विझू द्यायचा.

हे सगळं ऐकताना माझं डोकं फिरायचं. इतकी हळुवार वागणूक या घरात आजवर कोणाला मिळाली नव्हती. मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा थर्मामीटर कुठे आहे ते या गृहस्थांना माहीत नव्हतं, आणि आता सिगारला किती ओलावा लागतो ते टक्क्यांत पाठ.

त्यात चवींचं नवीन प्रकरण निघालं. आज म्हणे सुरुवातीला कोकोची चव आली, मध्ये ओल्या मातीची, शेवटी चामड्याची. मी विचारलं, चामडं कधी खाल्लंत? यांनी पुढचा झुरका घेतला. हाच माणूस, ज्याला मी लग्न झाल्यापासून विचारत आलेय, आमटी कशी झाली? आणि तो म्हणत आलाय, ठीक. एकदा वैतागून मी आमटीत मीठ घातलं नाही. यांनी भाताबरोबर मुकाट्याने खाल्ली, हात धुतले आणि बातम्या लावल्या. तेव्हा मी समजूत करून घेतली होती, की काहींच्या जिभेला चवच नसते, देवाने दिलेलं नसतं त्याला कोण काय करणार. आता कळलं, जीभ शाबूत होती.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण कोणा व्हिडिओवाल्याने यांना सांगितलं, की सिगारचा वेळ हा आपला स्वतःचा असतो, त्यात शांतता हवी. झालं. मी शेजारी बसून काही बोलायला लागले की यांचा तळवा वर व्हायचा. "जरा थांब." शाळेत मी मुलांना हात करून गप्प बसवायचे, तसाच. मी थांबायचे. सिगार तासभर चालायचा, तोवर मला काय सांगायचं होतं त्यातली गंमत निघून गेलेली असायची. मग एके दिवशी माझ्या खुर्चीवर कटर, लायटर आणि राखेचं भांडं आलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेल्या चादरींना वास लागतो म्हणून तक्रार केली, तीही मला. ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे, शांतता यांच्याकडे.

साहेबाची पेटी मुरलेल्या लोकांसाठी आहे, नवशिक्याने सौम्य सिगारपासून सुरुवात करावी, असं यांच्या वाचनात आलं, तेव्हा उरलेली पेटी ऑफिसातल्या एका मित्राला देऊन टाकली आणि ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात जायचं ठरलं. मीही निघाले. वाटेत गाडीत तरी तोंडाला सिगार नसेल, असा माझा हिशेब. माणकोलीच्या नव्या पुलावरून जा, लवकर पोहोचू, असं मी दोनदा सांगितलं. पण यांनी शीळफाट्याचाच रस्ता धरला. का, तर नोकरीभर त्याच रस्त्याने गेले म्हणून. शीळफाट्याला कंटेनरच्या रांगेत आम्ही अडकलो. मी मुलाचं काढलं, सोसायटीच्या पाण्याचं काढलं, माझ्या गुडघ्याचं काढलं. हे समोरच्या ट्रकची नंबरप्लेट वाचत होते. ट्रक हलला तरच यांचा चेहरा हलायचा.

दुकानात मात्र नळ सुटावा तसे बोलायला लागले. काउंटरवर एक हसरी, तरतरीत मुलगी होती, शहाडहून रोज येणारी. तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं की ती स्वतः ओढत नाही, ट्रेनिंगमध्ये शिकवलंय तेवढं सांगते. बाहेरचं पान फिकट असलं की बहुतेक वेळा सौम्य, पण रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. फार बारीक घेऊ नका, तो लवकर तापतो. फार लांबही नको, नवीन माणूस अर्ध्यावर कंटाळतो. हलक्या हाताने दाबून बघा, कुठे गाठ किंवा पोकळी लागायला नको. हे एकेक सिगार दोन बोटांत धरून बघत होते. आणि बोलता बोलता त्या मुलीला सांगायला लागले, की नोकरीच्या पहिल्या वर्षी कारखान्यात एक म्हातारे मॅनेजर होते, ते पावसात शेडच्या दाराशी उभे राहून सिगार ओढायचे, आणि तो वास आला की यांना वाटायचं, एक दिवस आपणही असंच निवांत उभं राहायचं.

मी शेजारीच उभी होते. ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. आमचं लग्न त्याच वर्षीचं. मला इतकं लागलं ते, की मी काचेतल्या लायटरकडे बघत राहिले.

पाच सौम्य सिगार घरी आले. ते लगेच ओढायचे नसतात म्हणे, प्रवासाने दमलेले असतात, त्यांना विश्रांती द्यायची. हवाबंद डब्यात, ओलावा सोडणारी एक पुडी घालून, ते कपाटात गेले. चार दिवसांनी यांच्या पुतण्याचं लग्न होतं गावाला. मला गुडघ्यामुळे प्रवास झेपत नव्हता, शिवाय मे महिना, गच्चीवर माझं वाळवण पडलेलं. हे एकटेच गेले.

ते नसताना मी कपाट आवरायला काढलं आणि डबा उघडला. सिगार हाताला चक्क दमट लागले. आत एक पुडी दिसली. आता अशी पुडी नव्या पर्समध्ये असते, बुटांच्या खोक्यात असते, आणि ती असते ओल शोषायला. मला वाटलं, पुडी बिघडली, माल सादळला, आता बुरशी धरणार. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव येते, तिथे या पानांचं काय? रागावलेली होते मी, पण डोळ्यांदेखत वस्तू खराब होऊ देणं माझ्या हाताला जमत नाही. ओल दिसली की ऊन दाखवायचं, हेच मी आईकडे शिकले. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या होत्या, सांडगी मिरच्या होत्या. त्यांच्या मधे जुन्या पातळाच्या तुकड्यावर पाचही सिगार मांडले. दुपारी जाऊन उलटेही केले. दोन दिवस कडक ऊन दिलं आणि खडखडीत झाल्यावर डब्यात भरून ठेवले. पुडी फेकून दिली.

हे परत आले आणि आंघोळीच्याही आधी डबा उघडला. पहिला सिगार उचलला तसं त्याचं पान फाटलं. दुसरा दाबला तर पापडासारखा मोडला. काय झालं ते मी सांगितलं, अगदी अभिमानाने. त्यानंतर हे जे बोलले, ते लग्नानंतरचं यांचं सगळ्यात मोठं भाषण असावं. ओलावा हाच सिगारचा जीव असतो, मी आधी काही विचारत का नाही, प्रत्येक वस्तू माझ्याच पद्धतीने का झाली पाहिजे, असं बरंच काही. शेवटी आवाज खाली आला.

"आयुष्यात एक गोष्ट माझ्या मनाने करत होतो. तीही तू वाळवून ठेवलीस."

मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मलाही एकच गोष्ट हवी होती, ती तुम्ही कटरखाली ठेवलीत, असं म्हणायचं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, की मला काय स्वप्न पडलं होतं?

त्यानंतर अबोला. हे संध्याकाळी बाल्कनीत रिकाम्या हातांनी बसायचे. धुराच्या शांततेत निदान मधेमधे कोको आणि चामडं तरी ऐकू यायचं. आता तेही बंद झालं, आणि मला कळेना की याहून मोठा कसला अबोला यायचा राहिलाय. शेवटी एका दुपारी मी यांना न सांगता रिक्षा केली आणि ठाण्याला निघाले. माणकोलीच्या पुलावरून. ठाण्यात बाळकुमच्या नाक्याला हां हां म्हणता पोहोचले, आणि हे दाखवायला हे शेजारी नव्हते याचंही वाईट वाटलं.

दुकानात तीच मुलगी होती. उन्हाची गोष्ट ऐकून तिला हसू आवरेना. मग तिने विचारायला सुरुवात केली, कारण सरांची आवड कळली तर ती नेमका काढून देणार होती. कॉफी आवडते का चहा? चहा, आल्याचा, आलं ठेचलेलं, किसलेलं नाही. तिखट? बेताचं, पण ठेचा लागतो. गोड? पुरणपोळी आवडते, श्रीखंड नको. चॉकलेट? कडू असलं तर. सावकाश जेवतात का घाईने? घाईने, बोलणं टाळायला. मी भराभर सांगत गेले. एकाही प्रश्नाला मला आठवावं लागलं नाही.

मुलगी म्हणाली, "मॅडम, लेडीज लोक येतात ना, तर बोलतात, काहीतरी चांगलं पॅक करून द्या. एवढं कोणाला माहिती नसतं. तुमच्यासाठी पण एक छोटा देऊ का? तुमची टेस्ट काय आहे?"

मला नको, म्हटलं. सिगार नको होता हे खरंच. पण तो प्रश्न काही मागे राहिला नाही, रिक्षात माझ्याबरोबर बसून डोंबिवलीपर्यंत आला.

संध्याकाळी यांच्या हातात पुडकं दिलं. यांनी एक सिगार काढला, दोन बोटांत हलकेच दाबून पाहिला, नाकाशी नेला. चेहरा इतका उजळला की मला लाज वाटावी. "बरोबर आणलास," म्हणाले. यांनी टोक कापलं, लांबून शेकत शेकत पेटवला. मी खुर्चीवरचं राखेचं भांडं उचललं, खाली ठेवलं आणि बसले. तळवा वर झाला, पण मी थांबले नाही.

"दुकानातली मुलगी मला विचारत होती, माझी आवड काय," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. माझ्यासाठी आणायचा झाला तर कसला आणाल?"

यांचा हात खाली आला. यांनी विचार केला, अगदी मनापासून, एखाद्या बंद पडलेल्या मशीनसमोर करतात तसा. एकदा फोनकडे हात गेला आणि परत आला. सिगारची राख लांबत चालली होती. मग यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू चहात साखर घेतेस ना?"

चहातली साखर सोडून मला कितीतरी वर्षं झाली. रोज सकाळी यांच्यासमोर, त्याच ओट्यावर, मी दोन पातेल्यांत वेगवेगळा चहा करते, आणि हे तिथेच टेबलाशी बसून पेपर वाचतात. मला ओरडायचं होतं. पण इतक्या मोठ्या गोष्टीला पुरेल एवढा आवाज माझ्यापाशी नव्हता.

"उद्या सकाळचा चहा तुम्ही करा," मी म्हटलं. "दोघांचा."

"बरं," म्हणाले. सिगार हातात तसाच विझला. मी उठून आत निघाले, तेव्हा मागून विचारलं, आणि आवाजात खरोखरच काळजी होती.

"अगं, माझ्यात किती घालतेस?"

मी दारातच थांबले. चाखून बघा, म्हटलं, आणि आत गेले.