बायकांच्या बाजूला दोन खुर्च्या

जळगावला मुलींच्या शाळेत शिकवायला आले तेव्हा त्या गावात माझं कुणीच नव्हतं. सासर नाशिककडचं, आणि ते सुटलेलं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलं, वडिलांनी मला परत आणून शिकवलं. पुढे तेही गेले आणि भावाच्या घरी माझी अडचण होऊ लागली. नोकरी मिळाली तेव्हा सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं, मलासुद्धा. एका मारवाडी कापूस-व्यापाऱ्याच्या घरासमोर माडीवरची खोली भाड्याने घेतली. शाळा सुटल्यावर त्या खोलीत बोलायला कुणी नसे. शेजारणी सभ्य होत्या, पण विधवा मास्तरीणबाईला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही आणि इतर वेळी काय म्हणून बोलवायचं हे त्यांना सुचत नसे.

नाटकाचा नाद मला वडिलांकडून आलेला. जळगावला कंपनी आली की स्टेशनाकडच्या पत्र्याच्या थिएटरात मुक्काम टाकी. रविवारी दुपारी एक खेळ असे आणि त्याला बायका पुष्कळ येत. एकटीने जायचं म्हणजे लोक बघणार हे ठाऊक होतं, तरी मी गेले. बायकांच्या बाजूला चिकाचा, बांबूच्या काड्यांचा, पडदा होता. शेवटची खुर्ची धरून मी बसले आणि शेजारच्या खुर्चीवर घूंघट घेतलेली एक बाई येऊन बसली. पहिल्या अंकाचा पडदा पडल्यावर घूंघट वर करून ती म्हणाली, "तू आमना समोरनी मास्तरीण ना?"

ती समोरच्या घरातली शेठाणी. मी तिला भाभी म्हणायला लागले, ती मला बाई म्हणे. मारवाडातून लग्न होऊन आलेली, पण मराठी शिकली ती भांडी घासायला येणाऱ्या पारोळ्याकडच्या बाईकडून. त्यामुळे अंगावर सोनं आणि तोंडात अस्सल अहिराणी. तिचा नवरा नाटकाचा शौकीन होता, पुढच्या रांगेत बसायचा, आणि बायकोनेही बघावं असं त्याला वाटे. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला मनातून फार मानत असे.

पुढे कित्येक वर्षं, कंपनी आली की आम्ही दोघी बरोबर जात असू. इतर दिवशी फारसं येणं-जाणं नव्हतं. तिच्याकडे मोठं कुटुंब, माझ्याकडे वह्यांचे गठ्ठे. पण त्या दोन खुर्च्यांवर बसलं की आम्ही भांडत असू.

भांडण नेहमी एकाच माणसावरून. त्या कंपनीत राणीचं काम करणारा नट सगळ्या खानदेशात गाजलेला होता. नवरा संशय घेऊन राणीला राजवाड्याबाहेर काढतो, त्या प्रवेशात त्याचं एक पद होतं. ते तो तीन-तीन वेळा गायचा, आणि तरी लोक "वन्स मोअर" थांबवत नसत. गावातल्या सुना त्याच्यासारखा पदर घ्यायला लागल्या होत्या. गळा त्याचा खरंच गोड होता, हे मी कधी नाकारलं नाही. पण घराबाहेर काढलेली बाई असं गात नाही, एवढंच माझं म्हणणं. मला ते ठाऊक होतं. सासरहून निघताना मी आधी अंथरुणाची घडी घातली होती, मग पाण्याची घागर भरलेली आहे ना ते पाहिलं होतं. रडू गाडीत बसल्यावर आलं. तो नट मात्र हात पसरून, मान तिरकी करून रडायचा. बाईचं काम बाईलाच द्यायला पाहिजे, असं मी दर वेळी म्हणायचे.

"तुले काही समजत नही," भाभी म्हणायची. "आपुन बठ्ठ्या बाया रोज रडतस, आपलाकडे कोन देखस? तो माणूस बाईसारखा रडस, तं बठ्ठं गाव देखाले येस."

एवढं म्हणून ती पानाचा डबा पुढे करी. मी पान खात नसे, तरी दर वेळी करी.

मग बोलपट आले. कंपन्या एकेक करून मोडल्या. पत्र्याच्या थिएटरला पांढरा पडदा लागला. भाभी एकदा बोलपटाला आली आणि अर्ध्यातूनच म्हणाली, या माणसांना आपण दिसत नाही. ती पुन्हा आली नाही. मीही एकटी फारशी गेले नाही.

त्यानंतर भाभीचा नवरा वारला. तिच्या माणसांत विधवेने वर्षभर घरातल्या कोपऱ्यात बसायचं असतं, आणि वर्ष संपल्यावरही तिचं बाहेर पडणं जवळजवळ संपलेलंच असतं. समोरच्या घरात ती आहे हे मला माहीत होतं. माझ्या खिडकीतून त्यांचं मागचं दार दिसे, पण ती त्या दारात कधी आली नाही. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा सून दारातूनच म्हणाली, "सासूबाई झोपल्या आहेत." मलाही पांढरं लुगडं नेसून तिच्या दारात तिष्ठत उभं राहणं जड जाई. मग मी जायचं सोडलं.

अशातच गावात जाहिरातीचे कागद लागले की तेच जुनं नाटक नव्या संचात होणार आहे. जुन्या कंपनीतल्या उरलेल्या माणसांनी पुन्हा जमवाजमव केली होती. राणीच्या कामाला बाई. इतकी वर्षं मी जे म्हणत होते तेच झालं होतं, आणि ते सांगायला मला कुणी नव्हतं.

रविवारच्या खेळाला गेले. चिकाचा पडदा एव्हाना निघालेला होता. शेजारच्या खुर्चीवर कुणी येईना म्हणून मी तिच्यावर छत्री ठेवली.

राजा आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. पोट सुटलेलं, चिकटवलेल्या मिशा, आवाज बसका. दुसऱ्या प्रवेशात त्याने मान तिरकी केली आणि माझ्या लक्षात आलं. आमचा राणीचं काम करणारा नट तो! वय झालं, राणी जमेना, म्हणून त्याला राजा दिला होता. ही निवड कुणाला सुचली कोण जाणे. मला आधी ती क्रूर वाटली.

राणी झालेली मुलगी काळीसावळी, किडकिडीत. वरच्या सुरात आवाज हलत होता. हाकलून देण्याचा प्रवेश आला. तिने हात पसरले नाहीत. उभी राहिली आणि पद म्हटलं, साधं, एकदाच. थिएटरात "वन्स मोअर"चा गलका झाला. पेटीवाल्याने पुन्हा सूरही धरला. ती थांबली, लोकांकडे पाहिलं, आणि निघून गेली. मागून शिट्ट्या झाल्या. बाई अशीच जाते.

पण खरं सांगायचं तर मी सबंध वेळ तिच्याकडे पाहत नव्हते. ती गात असताना राजा सिंहासनाजवळ पाठमोरा होत होत कडेला सरकला होता, आणि माझ्या बाजूने त्याचं तोंड दिसत होतं. त्याचे ओठ हलत होते. पदाचा शब्द न् शब्द तो आवाज न काढता म्हणत होता. ती वरच्या सुरावर घसरली तिथे त्याने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी तडक समोरच्या घरी गेले. सुनेला म्हटलं, "झोपल्या असतील तर उठवा. मी बसते." ती बघतच राहिली, पण तिने आत सोडलं.

भाभी मागच्या अंधाऱ्या खोलीत बसली होती. हातात बांगडी नाही, अंगावर गडद लुगडं. वाळून गेली होती. मी काय बोलायचं हे ठरवून आले नव्हते. म्हटलं, "नाटक झालं. राणीला बाई घेतली."

तिने मान वर केली. "चांगली व्हती का ती?"

मग मी सगळं सांगितलं. नुसतं सांगून भागेना. उठून दाखवलं, कुठे उभी राहिली, कशी वळली. मला गाता येत नाही, तरी पदाची पहिली ओळ हळू म्हटली. "वन्स मोअर" दिला नाही हे सांगितलं तेव्हा भाभी हसली. "म्हनजे तू जिकनी," ती म्हणाली.

"पण राजा कोण होता विचारा," मी म्हटलं, आणि सांगितलं.

तिचं हसू गेलं. "तो? राजा व्हयना?" मग म्हणाली, "ती गात व्हती तवय तो काय करे?"

ओठांचं सांगितलं. भाभीने पदर तोंडाला लावला. नवरा गेल्यापासून ती रडली की नाही मला माहीत नाही, त्या दुपारी मात्र माझ्यासमोर रडली. "सोतानीच राणीले त्यानी घरबाहेर काढं," ती म्हणाली. "त्यानाकडे देखं का कोनी?"

"मी पाहिलं."

"तू देखं ना. बस."

सून दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी उठले. भाभीने माझा हात धरून ठेवला होता. तो सोडवताना मला वाटलं, इतकी वर्षं शेजारी बसलो, पण तिचा हात मी पहिल्यांदा हातात घेतला आहे.

त्यानंतर काही आठवडे मी जात राहिले. सून चहा देऊ लागली. मग भाभीच्या मुलाने कारभार आवरता घेतला आणि आईला देशाला, मारवाडात, पोचवायचं ठरवलं. सकाळी टांगे दाराशी लागले. मी शाळेत होते. मुलींना कविता शिकवत होते आणि रजा मागायचं मला सुचलं नाही, किंवा काय कारण सांगून मागायची ते सुचलं नाही. शेजारीण गेली, याला रजा मिळत नाही. घरी आले तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. तिथेही अधूनमधून नाटकं येत. आता बायका-पुरुष एकत्रच बसत, घरची घरं येत. एकदा माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, "एकट्याच आलात?" मी हो म्हटलं. त्यांच्या नणंदेला जागा हवी होती, म्हणून मी उठून कडेच्या खुर्चीवर गेले. नाटक सुरू झालं. नायिकेला आवाज छान होता, पण त्या कामाला ती फारच थोराड होती, आणि आईचं काम करणारी बाई खरं तर नायिका शोभली असती. संचवाल्यांनी दोघींची अदलाबदल करायला हवी होती. मध्यंतरात शेजारचं सगळं घर शेंगदाणे खात बसलं होतं. मी पडद्यावर रंगवलेला महाल बघत बसले.