पाहुणेबाबांचा हातरुमाल

जिल्ह्यात कारखाने आणायची नोकरी त्यांनी अकरा वर्षं केली आणि अकरा वर्षांत आणले ते फक्त पाहुणे. कंपन्यांचे साहेब यायचे, चहा प्यायचे, बंद पडलेल्या बूट कारखान्याची शेड बघायचे आणि "कळवतो" म्हणून निघून जायचे. म्हणून सगळं गाव त्यांना पाहुणेबाबा म्हणायचं. रस्त्यात कोणी ना कोणी गाठायचंच. "काय पाहुणेबाबा, यंदा तरी जमतंय का?" हे म्हणायचे, "जमत आलंय." अकरा वर्षं जमतच आलं होतं.

घरात दोघंच, ते आणि मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी त्या बूट कारखान्यात शिलाईला होती. तो बंद पडल्यावर तिच्या मैत्रिणी एकेक करून शहरात गेल्या. हिला बाबांनी थोपवून धरलं होतं. या खेपेला मात्र भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "बाबा, हे शेवटचे पाहुणे हं. यांचं नाही जमलं तर मी जाते."

"यांचं जमणार."

"मागच्या सात जणांच्या वेळीही हेच म्हणालात."

बाबांची पद्धत जगावेगळी. बाकीचे अधिकारी नकाशे दाखवत, आकडे दाखवत. हे म्हणत, "कागद काय दाखवायचे? मी माणूस दाखवतो." ऑफिसात त्यांनी कारखान्यातलं एक जुनं शिलाई मशीन आणून ठेवलं होतं. पाहुणे खुर्चीत टेकले की ते मुलीला मशीनवर बसवायचे, खिशातला हातरुमाल काढून तिच्या डोळ्यांवर बांधायचे, आणि ती नुसती चाचपत बुटाचा वरचा भाग शिवून द्यायची. एक टाका इकडचा तिकडे नाही.

या वेळच्या बाईसाहेबांनी तो तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. "अशी किती माणसं आहेत तुमच्याकडे?"

बाबांना चेव आला. "बत्तीस! यादीच देतो ना. नाव, पत्ता, फोन, सगळं. एकेक हिरा आहे बाई." यादीत पहिलं नाव त्यांनी लेकीचं घातलं.

वीस दिवसांनी पत्र आलं. बाबांनी ते उभ्या उभ्याच वाचलं. रस्ता अरुंद, विजेचा भरवसा नाही, त्यामुळे इथे कारखाना काढता येत नाही. कारागीर मात्र फार आवडले. बत्तीसच्या बत्तीस जणांना शहरातल्या कारखान्यात घेत आहोत, राहायची सोय आमची, सोमवारी सकाळी बस पाठवतो.

शिपायाने त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाला, "साहेब, तुम्ही दुकान दाखवायला गेलात, त्यांनी माल तेवढा उचलला."

एरवी बाबा अशा बोलण्यावर मनापासून हसत. आज ते पत्राची घडी घालत राहिले, आधीच घडी पडलेल्या पत्राची.

घरी काय आणि कसं सांगायचं, हे वाटभर ठरवत गेले. पण पोरीने बॅग आधीच माळ्यावरून काढली होती.

"दुपारीच फोन आला बाबा. नंबर तुम्हीच दिला होता ना." मग बॅगेवरची धूळ झटकत, त्यांच्याकडे न बघता तिने विचारलं, "नाही म्हणू का?"

एक शब्द पुरला असता. पण अकरा वर्षं ज्या माणसाने गावभर तिच्या हातांचं कौतुक केलं, त्याच्या तोंडून तो फुटेना.

"काम चांगलंय," बाबा म्हणाले. "जा."

सोमवारी शेडपुढे बस लागली. बाबा दाराशी उभे राहून एकेकाला चढवत होते. "सांभाळून हं", "पोचलात की कळवा", अगदी पाहुण्यांना निरोप द्यावा तसं. मुलगी सगळ्यांत शेवटी आली. पायरीवर पाय ठेवला आणि वळून हात पुढे केला.

"तो रुमाल द्या."

"कशाला? तिथे काय डोळे बांधून शिवायला लावणारेत?"

"माहितीये. तुम्ही द्या तर."

बाबांनी खिशात हात घातला आणि तिथेच ठेवला.

"ओला आहे गं तो."

"असू दे," ती म्हणाली, आणि त्यांच्या खिशातून तिने तो स्वतःच काढून घेतला.