सोमवारची निळी गोळी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

आई लासलगावला कांदे निवडायला जायची, वडील ट्रक भरायचे. मी चहा-पावावर शाळा गाठायचे. वर्गातल्या बहुतेक पोरी तशाच — फिक्या, जिना चढताना धापा टाकणाऱ्या. म्हणून दर सोमवारी शाळेत रक्तवाढीची निळी गोळी मिळायची. आणि सोमवारीच निम्म्या पोरींचा उपास! उपाशीपोटी घेऊ नका, एवढं एक वाक्य सांगायला कुणाचं काय जात होतं? आजही डोकं फिरतं माझं.

पण थांबा. ते वाक्य वर्गाच्या मॅडमनी सांगितलं होतं — मला. "वर्गाला सांग," म्हणाल्या होत्या. मी सांगितलंच नाही.

मी नववीची मॉनिटर. पोरींना जीभ काढायला लावून गोळी गिळली का बघणारी. मला काय होतंय, या तोऱ्यात मी कडक उपासात गोळी घेतली आणि सगळ्यांसमोर ओकले.

"काय गं मॉनिटरबाई, कितवा महिना?" मागून रत्ना ओरडली. वर्ग खिदळला.

मी तोंड पुसलं नि म्हणाले, "हसा, हसा! या गोळीनं पुढं पोरंबाळं होत नाहीत. गोळ्या आणणाऱ्या नर्सबाईच म्हणाल्या."

हे मी कुठून काढलं? कुठूनच नाही. हसू थांबावं म्हणून — बस, एवढंच.

हसू थांबलं. पुढच्या सोमवारपासून गोळ्या खिडकीबाहेर जायला लागल्या. आणि मी? कोरड्या जिभा बघून मॅडमना "गिळली" सांगत राहिले.

माझ्या बाकावरची मंदा रोज पळायची. तिला पोलीस व्हायचं होतं. तिनं एकदाच विचारलं, "खरं हाय ना गं? घे माझी शपथ."

घेतली. तिच्या डोळ्यांत बघून घेतली.

दहावीत ती मैदानाच्या पहिल्याच फेरीत कोसळली. अंगात रक्तच नाही, डॉक्टर म्हणाले. "लय झालं पळणं," म्हणत तिच्या बापानं शाळाच बंद केली. मला चीड आली त्याची — काय अधिकार होता त्याला? आणि मला कोणता होता? तेव्हाही तिच्या घरी जाऊन खरं बोलता आलं असतं. मी गेले नाही. दहावीतही मॉनिटर मीच होते; मॉनिटरपद जाईल, याची भीती वाटली. मॉनिटरपद!

गोळ्या घेतल्या असत्या तर ती पोलीस झाली असती? माहीत नाही. मी खोटं बोलले, हे माहीत आहे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. नाशिकच्या कॉलेजातून बी.एस्सी., पहिल्या वर्गात. मंदा दहावीच्या परीक्षेला बसली नाही.