या नावाचा इसम येथे नाही

मानवतहून परभणीला जाणाऱ्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. रिटायर झालेले पोस्टमन. कुठलाही कागद हातभर लांब धरायचे आणि ओळीवरून अंगठा फिरवत वाचायचे.

दुपारी माझं प्रॅक्टिकल होतं, आणि आधी मी एकदा नापास झाले होते. मांडीवर असेंब्ली या संगणकाच्या भाषेतल्या प्रोग्रामचा छापील कागद होता. तो प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणाऱ्या असेंब्लरनं एकच चूक काढली होती: 'अनडिफाइन्ड सिम्बॉल, एफएफएच'. दोन दिवस मी त्याला शिव्या घालत होते.

त्यांनी कागद मागून घेतला. "काय म्हणायलंय हे?"

"या नावाचं कुणी सापडत नाही म्हणतंय."

"मंग हा एफएफएच कोन हाय?"

"कुणी नाही हो काका, तो आकडा आहे! संगणकात काही आकडे ए ते एफ या अक्षरांनीही लिहितात."

"आकडा अन् अक्षरानं सुरू? मंग ते नावच समजंल की, पोरी. आमी बी पाकिटावर दिसंल तेच नाव हुडकायचो. न्हाई घावलं की शेरा मारायचो, 'या नावाचा इसम येथे नाही'. त्यात राग नसायचा. कुणाला हुडकलं, तेवढंच सांगायचो."

असेंब्लरनं नाव समजू नये म्हणून अशा आकड्याआधी शून्य लावायचं असतं, हे मला तेव्हा आठवलं. दुपारी मी ते लावलं आणि पास झाले.

त्यांना आभाराचं पत्र लिहावंसं फार वाटतं. पण नाव विचारायचंच राहिलं. 'पोस्टमनकाका, मानवतची एसटी' एवढ्यावर टाकलं, तर पत्र तोच शेरा घेऊन परत येईल. आता मात्र मला त्याचा राग येणार नाही.