जुलैतली रानहळद

वनस्पतिशास्त्र म्हणजे रानावनात हिंडायची चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ऐन पावसाळ्यात टीपकागद वाळवून बघावेत. नागपूरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर असताना मी ते काम काही वर्षं केलं. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, हा जिल्हा तेव्हा एकच होता आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. आणलेलं झाड कागदात पसरायचं, वर फळ्या ठेवून दाबायचं, कागद ओला झाला की दुसरा घालायचा, ओला कागद चुलीवर शेकायचा, पुन्हा घालायचा. अंगाला धुराचा आणि कुजक्या पाल्याचा वास. घरी गेलो की आई आधी आंघोळीला पिटाळायची.

त्यातून आमची गाठ रानहळदीशी. तिचा तुरा म्हणजे नुसती पाण्यानं भरलेली कणसं. वरची पानं गुलाबी-जांभळी, त्यांच्याखालून पिवळी फुलं डोकावतात. रानात बघितलं तर डोळे निवतात. कागदात दाबलं की त्याचा लगदा होतो आणि शेवटी तपकिरी डाग उरतो. त्या डागाकडे बघून ही कुठली जात ते ठरवायचं. शहाणी माणसं या कुळाच्या वाटेला जात नसत. आमचे सर गेले होते, आणि नोकरी त्यांच्या हाताखाली असल्यामुळे मीही.

सर तरुणपणी हिमालयात काम करून आले होते. तिथं देवदारांच्या सावलीत, जमिनीलगत, आल्या-हळदीच्या नात्यातली जांभळ्या फुलांची बुटकी झाडं उगवतात. एकमेकांसारखी इतकी, की पाकळीची लांबी आणि पानाचा देठ मोजल्याशिवाय वेगळी काढता येत नाहीत. सरांनी ती काढायला शिकून घेतली. पण हिमालयात त्यांच्या आधी सगळे गोरे साहेब जाऊन आले होते. सरांनी जे जे वेगळं म्हणून काढलं, त्याला आधीच कोणीतरी नाव देऊन ठेवलेलं निघे. "पंगत उठल्यावर पानावर बसलो मी," असं ते म्हणायचे, हसून. मला ते हसणं कधी खरं वाटलं नाही.

मग ते नागपूरला आले, संसारात पडले, केस पिकले. आणि निवृत्ती तोंडावर आली असताना अहेरीकडच्या रानात त्यांना त्यांची जात सापडली.

त्याचं असं होतं. आमच्या फेऱ्या ठरलेल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी एक, कॉलेज उघडायच्या आत परत. दुसरी पोळ्याच्या सुट्टीत. जमलंच तर दिवाळीला एक, कंद खणायला. चांद्यापर्यंत रेल्वे, पुढं मोटार, वैनगंगा नावेनं ओलांडायची आणि उरलेलं अंतर बैलगाडीनं. रस्त्यालगतच्या एका गावात धानाची शेती करणाऱ्या घरी आम्ही उतरत असू. घराच्या मागं सागाचं रान लागे. जूनअखेरीला तिथं रानहळद वर येई ती पानांशिवाय. जमिनीतून, कंदाच्या बाजूनं, नुसता तुरा. पोळ्याला जावं तर कमरेएवढी पानं, आणि तुरा त्या पानांच्या बरोबर मधून निघालेला. बाजूनं तुरा काढणारी जात ग्रंथांत होती. मधून काढणारी, या पानांची, या रंगाची, कुठंच नव्हती. सरांनी पंधरा ठिकाणी शोधलं. नव्हती.

तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये लिहावं लागे. ते त्यांनी लिहिलं, आणि नागपूरच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे जाऊन त्याचं व्याकरण तपासून घेतलं. नाव वैनगंगेवरून ठेवायचं ठरवलं होतं. स्वतःचं नाव द्यायची पद्धत नसते, पण नावापुढं ज्यानं शोधलं त्याचं आडनाव कायमचं लागतं. त्यांना तेवढंच हवं होतं. अजून एकदा पोळ्याला ताजी फुलं बघायची, मापं पडताळायची आणि मग छापायला पाठवायचं, असा बेत होता.

त्या जूनमध्ये आम्ही घरामागच्या तुऱ्यांशेजारी बांबूच्या तीन खुंट्या ठोकल्या. दिवाळीला त्यांचे कंद खणायचे होते. आदल्या साली ठोकलेल्या खुंट्या गुरांनी तुडवल्या आणि उरलेल्या कोणाच्या तरी चुलीत गेल्या, म्हणून या वेळी घराच्या कुंपणाला लागूनच जागा निवडली. निघायच्या दिवशी सकाळी मला हिव भरलं. दात वाजायला लागले. गाडीत बसवेना. कॉलेज उघडणार होतं. सरांना थांबणं शक्य नव्हतं. क्विनाईनची बाटली उशाशी ठेवून ते म्हणाले, "दोन-चार दिवसांत उतरेल. मग ये."

दोन-चार दिवसांत नदी चढली. नाव बंद झाली, रस्ता नाल्यांनी तोडला, आणि मी त्या घराच्या छपरीत खाटेवर अडकलो ते अडकलोच. ताप एक दिवसाआड यायचा, अगदी वेळ पाळून. मधल्या दिवशी अंगात बळ नसे आणि डोक्यात काही शिरत नसे. कानात क्विनाईनची घंटा वाजत राही. घरातली सगळी माणसं रोवण्याला गेलेली. दिवसभर पाण्यानं भरलेल्या बांधीत वाकून धान रोवायचं आणि संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन यायचं. त्या कष्टापुढं माझं पडून राहणं मलाच लाजिरवाणं वाटे. घरची बाई दुपारी येऊन पेज देऊन जाई. कधी कोवळ्या बांबूच्या कोंबांची, वास्त्यांची भाजी. मला अन्नाचा वास नको होई आणि ती वाटी संपल्याशिवाय उठत नसे.

"हळद खाले रायते जी," ती एकदा माझ्या दाबलेल्या कागदांकडे बघून म्हणाली, "तुमी तिले कागदात निजवून राह्यले. काऊन?"

"तिची जात ठरवायची आहे."

"जात ठरवून मंग खाता का?"

मी म्हटलं, नाही, मग कपाटात ठेवतो. तिनं पदर तोंडाला लावला आणि हसत हसत चुलीकडे गेली. तिचं हसणं मला लागलं नाही. तापात माणसाला लागून घ्यायचीही शक्ती नसते.

ताप नसलेल्या दिवशी काठी टेकत मी कुंपणापर्यंत जाई. संशोधन म्हणून नव्हे. खाटेचा कंटाळा आला म्हणून. खुंट्यांशेजारचे तुरे जुलैच्या पावसात आडवे झाले, कुजले, मातीत मिसळून गेले. नंतर वरून बघणाऱ्याला तिथं कधी तुरा होता हे कळायचं कारण नव्हतं. त्यांच्या जागी पानं आली, सुरळीसारखी, मग उलगडत गेली. इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. पुढं मला वाटलं होतं तशी ती नुसती पानांनी वाढत राहतील. श्रावणात एका सकाळी पहिल्या खुंटीजवळच्या पानांच्या मधोमध मला काहीतरी गुलाबी दिसलं.

मी वाकून आधी खुंटी बघितली. खुंटी आमचीच होती. तिच्यावर सरांनी चाकूनं पाडलेली खाच होती. या झाडानं जूनमध्ये बाजूनं तुरा काढलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता, आणि आता तेच झाड मधून दुसरा तुरा काढत होतं. मग शेजारच्यानं काढला. मग तिसऱ्यानं.

दोन जाती नव्हत्याच. एकच झाड होतं, दोनदा फुलणारं. आम्ही जूनला येत होतो आणि पोळ्याला येत होतो, आणि मधल्या दिवसांत नागपूरला मुलांना शेवाळ आणि बुरशी शिकवत होतो. कॉलेजच्या सुट्ट्यांनी एका झाडाच्या दोन जाती केल्या होत्या.

मला आनंद वगैरे झाला नाही. वैताग आला. हे मलाच का दिसावं? एवढा ताप, एवढा पाऊस, आणि वरून हे. बाईनं माझं तोंड बघून विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं: सरांची जात, लॅटिन, पाद्री, निवृत्ती. दुसरं सांगायला माणूस नव्हतं. तिनं शांतपणे ऐकलं.

"मंग तुमचे सर रागावतीन का?"

"रागावणार नाहीत. खचतील."

तिनं कुंपणाकडे बघितलं. मग म्हणाली, "उपटून टाकू का मी? तीनच त हायेत. ढोरायनं खाल्ले म्हनजो. कोनाले मालूम होनार हाय?"

ती हे अगदी मनापासून म्हणाली. सर तिच्या घरी दरवर्षी येणारे, जेवताना तिच्या हातच्या भाताची तारीफ करणारे. म्हाताऱ्या माणसाला दुःख होऊ नये इतकंच तिला वाटत होतं. मी तिच्यावर खेकसलो. तिनं खांदे उडवले आणि भांडी घासायला गेली. खेकसण्याचं कारण असं, की ती म्हणेपर्यंत मीही तेच मनात घोळवत होतो.

पुढं नदी उतरली, नाव सुरू झाली. ताप गेला होता. मी निघू शकलो असतो. पण पोळा जवळ आला होता आणि सर येणारच होते. नागपुरात त्यांच्या खोलीत उभं राहून सांगण्यापेक्षा झाडापाशी सांगितलेलं बरं, असं ठरवून मी थांबलो. ते दिवस तापाच्या दिवसांपेक्षा जड गेले.

सर आले ते खुशीत. बरोबर नवं भिंग, मापाची पट्टी, आणि माझ्यासाठी आईनं दिलेलं लिंबाचं लोणचं. "काय रे, अर्धा राहिलास," म्हणाले. चहा झाल्यावर मी म्हटलं, "सर, आधी कुंपणापाशी येता का?"

झाडं बघून त्यांनी आनंदानं हात चोळले. "वा! घराला लागूनच आली की या वर्षी." मग त्यांची नजर खुंटीवर गेली. खाचेवर गेली. मी जे काय सांगायचं ते दोन-तीन वाक्यांत सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

ते खाली बसले. धोतराला चिखल लागला त्याकडे लक्ष नव्हतं. काठीनं, मग बोटांनी, त्यांनी कंदाभोवतीची माती बाजूला केली. कंदाच्या कुशीला जुन्या तुऱ्याचा काळा पडलेला खुंट होता, आणि त्याच कंदातून वर गेलेल्या पानांच्या मधून ताजा तुरा. त्यांनी खुंट भिंगातून बघितला. पुसून पुन्हा बघितला.

"एका झाडावरून काही ठरत नाही," ते म्हणाले.

"नाही सर."

दुसरं झाड मी उकरायला लागलो. त्यालाही खुंट होता. तिसऱ्याजवळ गेलो तेव्हा त्यांनी काठी माझ्या हातातून घेतली. हे त्यांनी एकट्यानं केलं, फार सावकाश, लहान मुळाला धक्का न लावता. असं सावकाश उकरताना मी त्यांना कितीदा बघितलं होतं, पण या वेळी ते काही सापडू नये म्हणून उकरत होते. खुंट सापडला. बोटाएवढा, कुजका, पण होता.

बांधाकडून बैल धुणाऱ्यांचे आवाज येत होते. सर टाचांवर बसून राहिले.

"जुलैत मी कधीच आलो नाही," ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "तू हे सांगितलं नसतंस तर कोणाला कळलं असतं?"

खोटं बोलायचं बळ नव्हतं. "कोणाला नाही, सर. निदान इतक्यात नाही."

"मग ती जात माझी म्हणत मी सुखानं मेलो असतो."

मला त्यांची फार दया आली, आणि आपल्याला त्यांची दया यावी याचं त्याहून वाईट वाटलं. मी काहीतरी बोलायला लागलो, की एका झाडाच्या दोन फुलोऱ्यांबद्दलही लिहिता येईल, तेही कोणी लिहिलेलं नाही, ते तुमच्याच नावावर... त्यांनी हात वर केला.

"तुझं बरोबर आहे. एकच जात आहे, आणि जुनीच आहे. नागपूरला गेलो की सगळ्या कागदांवर मी तसं लिहीन. पण आजच्या दिवस मला ते पुन्हा बोलायला लावू नकोस."

मी लावलं नाही. आम्ही दोघांनी तिन्ही झाडांवर माती ओढली, हातानं नीट दाबली, आणि जेवायला घरात गेलो.