चमचा की वाटी?

मेघाचा फोन आला तेव्हा मी परीक्षेचा पेपर काढत बसले होते. "माधवीमावशी, आई गेली. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मला आधी रडू नाही आलं, राग आला. शैलाचाच. अगं, परवा तर फोनवर हसलीस, आत्ता कुठे जरा बरं चाललं होतं तुझं... आणि हे काय मध्येच? तिच्यावर चिडायची मला इतक्या वर्षांची सवय, की ती गेल्यावरही पहिल्यांदा मी तेच केलं. रडू आलं ते बदलापूरला, शिरगावच्या त्यांच्या घरी बुद्धवंदना चालू असताना. तिच्या खोलीत समोरच्या भिंतीवर तो पांढरा बोर्ड दिसला आणि मला तिथे उभं राहवेना. त्या बोर्डाबद्दल सांगते, पण आधी शैलाबद्दल सांगायला हवं.

शैला गायकवाड उल्हासनगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मीही तिथेच, अजूनही शिकवते. ती माझ्याहून काही वर्षांनी मोठी, त्यामुळे सुरुवातीला 'गायकवाड मॅडम' आणि 'अहो-जाहो' होतं, पण ते फार टिकलं नाही. ती अंबरनाथच्या बुवापाड्यात वाढली. वडील तिथल्याच आगपेट्यांच्या कारखान्यात कामाला, घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. आवाज खणखणीत, साडीला कायम खडूचे डाग, आणि डब्यात सुकटीची चटणी असली की सगळ्या स्टाफरूमला कळायचं. मी तिच्या उलट. आकडेमोडीत मी भलती जलद. मुलं वहीची पानं उलटेपर्यंत माझं उत्तर फळ्यावर. हे माझं मीच सांगतेय, कारण जी माझं हे कौतुक करायची, वर 'कॅल्क्युलेटर' म्हणून चिडवायचीही, ती आता राहिली नाही.

रसायनातली गणितं म्हटलं की आमच्याकडची मुलं वही मिटतात. थिअरी पाठ करून निघते, पण गणित आलं की अमुक ग्रॅम, तमुक लिटर, मोल, म्हणजे रसायनातलं 'डझन', आणि मोलॅरिटी, सगळ्याची खिचडी. मी त्यांना सूत्रं द्यायचे. हे इथे टाका, हे तिथे टाका, गुणा, भागा, झालं. शैलाचं तसं नव्हतं. तिच्या वर्गात गणित वाचून झालं की पेन खाली ठेवायचं. तिच्या टेबलावर एक स्टीलचा चमचा, एक वाटी आणि एक छोटं पातेलं मांडलेलं असायचं. ती विचारायची, "बोला, केवढं येईल? चिमूट, चमचा, वाटी की पातेलं?" प्रत्येकाने समासात या चारातला एक शब्द लिहायचा. त्याशिवाय एकही आकडा मांडायचा नाही. पहिले काही दिवस मुलं खिदळायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, होम सायन्सचा तास चाललाय. प्रयोगशाळेतले शिपाईकाका तर एकदा मला म्हणाले, "गायकवाड मॅडम आज काय बनवतायत?"

एक प्रसंग मी स्वतः पाहिलाय. जितू नावाचा एक मुलगा होता, वडिलांचं कापडाचं दुकान, डोकं तल्लख पण घाई फार. टायट्रेशनचं, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचं, साधं गणित होतं, उत्तर यायला हवं पंचवीस मिलिलिटर. पठ्ठ्याने हजाराने भागलंच नाही आणि पंचवीस लिटर लिहून मोकळा झाला. शैलाने त्याची वही हातात घेतली. "समासात काय लिहिलंयस?" तो म्हणाला, "मॅम, चमचा लिखा है." "आणि उत्तर?" "पच्चीस लिटर." "मग कोण खोटं बोलतंय, तू की तू?" वर्ग हसला. जितू म्हणाला, "मॅम, पच्चीस तो सही है ना!" तेव्हा शैला प्रयोगशाळेत गेली, तोंड धुवायची बादली भरून आणली आणि त्याच्यासमोर धाडकन ठेवली. "ही दहा लिटरची आहे. अशा अडीच. ब्युरेटच्या बारीक नळीतून थेंब थेंब सोड. तुझं लग्न होईल, पोरं होतील, तरी संपणार नाही." जितू लाजेने लालबुंद झाला, पण पुढे त्या मुलाने एकक चुकवलेलं मला तरी आठवत नाही.

मला हे सगळं वेळखाऊ वाटायचं आणि मी ते तिला तोंडावर सांगायचे. एकदा कॉलेजसमोर दाल-पकवान खाताना आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, "अगं, बाहेरचा परीक्षक समासातल्या चमच्याला मार्क देणार आहे का?" ती पकवान मोडता मोडता थांबली. "मार्कांचं नाही गं. आकडे दिसायला सगळे सारखे. पंचवीस आणि पंचवीस हजार, वहीत काय, तीन शून्यांचा फरक. मी बी.एस्सी.ला होते तेव्हा मला आकड्यांची भीतीच वाटायची. उत्तर चुकलं तर मला ते कळायचंच नाही, कोणीतरी येऊन लाल रेघ मारेपर्यंत. मला दुसऱ्याच्या लाल रेघेवर जगायचं नव्हतं. आपलं आपल्याला कळलं पाहिजे, बरोबर का चूक." मी म्हटलं, "बरं बाई, तुझी वाटी तुला लखलाभ." ती हसली आणि माझ्या पकवानाचा उरलेला तुकडा उचलून खाऊन टाकला.

निवृत्त झाल्यावर ती शिरगावला लेकीजवळ राहायला गेली. मेघा तिची एकुलती एक, मेघाचे वडील लवकर गेले, त्यामुळे मायलेकीच एकमेकींना. तिथेच तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, चालणं गेलं. बोलणं हळू झालं, पण होतं. गेले ते आकडे. सात म्हणायचं असलं की तोंडातून चार यायचं. कॅलेंडर वाचता येईना. मेघाचा फोन नंबर, जो तिला झोपेत तोंडपाठ असायचा, तो गेला. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा तिने मला तीन अधिक पाच करून दाखवायचा प्रयत्न केला आणि जमेना म्हणताना चादर तोंडावर ओढून घेतली. शैला! जिने आख्खे वर्ग गप्प केले, ती चादरीआड रडत होती. मग चादरीतूनच म्हणाली, "चालायला नाही आलं... चालेल. पण गणितं गेली, तर मग... मी कोण गं, माधवी?" मी उगीचच म्हटलं, "येतील गं परत." तर चादर खाली करून माझ्याकडे असं बघितलं तिने, की बस्स. "ते तुला... माहीत नाही. तू गणित घेऊन ये. मी सांगेन, तू तपास. पण खोटं बरोबर... म्हणायचं नाही. शपथ घे." घेतली मी शपथ. तिच्यापुढे कोणाचं काय चाललंय!

मग दर गुरुवारी कॉलेज सुटलं की मी शिरगावला जायचे. मेघाने पलंगासमोर पांढरा बोर्ड लावला होता. मी गणित मोठ्याने वाचायचे, शैला डोळे मिटून ऐकायची आणि डाव्या हाताने बोर्डावर एकच शब्द लिहायची. आकडा नाही. चिमूट, चमचा, वाटी नाहीतर पातेलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पहिले काही गुरुवार वाईट गेले. चुकलं की मी "चुकलं" म्हणायचे आणि खाली रस्त्यावर आले की माझेच डोळे भरून यायचे. पण हळूहळू तिचे अंदाज जुळायला लागले. मी सविस्तर आकडेमोड करून जिथे पोचायचे, तिथे ती आधीच चमचा घेऊन बसलेली असायची. चेहऱ्यावर जुना तोरा परत येऊ लागला. मेघाला म्हणाली, "बोर्ड जरा... खाली घे. मोठं लिहायचंय."

शेवटच्या गुरुवारचं गणित मी एका सराव संचातून नेलं होतं, मागे उत्तरं छापलेली असतात तसला. पाच लिटर अर्धा मोलर हायड्रोक्लोरिक ऍसिड, त्यात एकशे वीस ग्रॅम संगमरवराचा चुरा टाकला, फसफस थांबली. आता जे ऍसिड उरलं ते शमवायला कॉस्टिक सोडा किती लागेल? शैला डोळे मिटून बराच वेळ पडून राहिली. मग लिहिलं, 'चमचा'. मी मागचं पान उघडलं. उत्तर होतं बावन्न ग्रॅम. बावन्न ग्रॅम म्हणजे चमच्याच्या कितीतरी पुढे, तिच्या हिशेबाने सरळ वाटी. दिवसभराच्या लेक्चरांनी डोकं भणभणत होतं, जवळ कागद नव्हता आणि छापलेलं समोर होतं. "शैला... चुकलं गं. वाटी आहे," मी म्हटलं. ती मान हलवून नाही नाही म्हणत राहिली. डाव्या हाताची दोन बोटं वर करून सारखी, "दोन... अगं, दोन..." मला वाटलं, झालं, परत आकड्यांचा गोंधळ सुरू झाला. मी तिचा हात धरून खाली ठेवला, पांघरूण नीट केलं आणि निघाले. रिक्षात बसल्यावर मला पार हरल्यासारखं वाटत होतं.

अंबरनाथला घरी आले, चहा ठेवला, तरी चैन पडेना. कागद घेतला. आणि संगमरवराचं समीकरण लिहिता लिहिता माझा हात थांबला. संगमरवराचा एक मोल ऍसिडचे दोन मोल संपवतो. दोन! वर्गात शैला हेच तर सांगायची, "हा एकटा दिसतो, पण दोघांचं जेवण जेवतो." संच छापणाऱ्याने एकाला एक धरलं होतं. संगमरवराचा मोल शंभर ग्रॅमचा, तेव्हा एकशे वीस ग्रॅम म्हणजे एक पूर्णांक दोन दशांश मोल, त्याने ऍसिडचे दोन पूर्णांक चार संपवले. मुळात पाच लिटरांत होतं अडीच मोल. उरलं जेमतेम एक दशांश मोल. त्याला कॉस्टिक सोडा लागेल चार ग्रॅम. चमचा. आकडे हरवलेली बाई डोळे मिटून पडल्या पडल्या बरोबर होती, आणि छापलेलं पुस्तक चूक. मी तडक मेघाला फोन लावला आणि फोन आईच्या कानाला लाव म्हटलं. "शैला, चमचा! तूच बरोबर. दोन गं, दोन! पुस्तकच चुकलंय." पलीकडे ती हसली, अगदी स्टाफरूममधलं हसू. "कॅल्क्युलेटर..." ती म्हणाली, "उशीर केलास." हे आमचं शेवटचं बोलणं.

तिला जाऊन आता काही आठवडे झालेत. परवा मेघाने घरी बोलावलं. चमचा, वाटी आणि पातेलं तिने माझ्यासाठी पिशवीत भरून ठेवलं होतं. खोलीत पलंग नाही, औषधं नाहीत, बोर्ड मात्र तसाच. त्यावर तिचा तो वेडावाकडा 'चमचा'. मी म्हटलं, "पुसला नाहीस?" मेघा म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही चुकलं म्हणून निघालात ना, तेव्हाच मी पुसायला गेले होते. मला वाटलं, उगाच डोळ्यांसमोर नको. तर आईने माझं मनगट धरलं. म्हणाली, राहू दे... ती करून बघेल."

म्हणजे माझा फोन जायच्या आधीच तिला माहीत होतं. तिचं उत्तरही, आणि मी कशी आहे तेही. मी मुसमुसून रडले, लपवण्यासारखं काही नव्हतंच. मेघाने डोळे पुसत विचारलं, "मावशी, खालची जागा रिकामीच राहिलीय. आकडेमोड लिहिता?" मी मार्कर घेतला. समीकरण लिहिलं, एकाला दोन. पायरी न गाळता सगळं मांडलं, प्रत्येक आकड्यापुढे एकक, तिला आवडायचं तसं. शेवटी चार ग्रॅम लिहून खाली रेघ ओढली. मग तिच्या 'चमचा'पुढे बरोबरची खूण केली, आणि मेघा बाजूला उभी आहे हे विसरून मोठ्याने म्हणाले, "बरोबर आहे, शैला. शपथेवर सांगते."